दोन विमानं आणि माझं खाचर

मु. नाते, तालुका महाड
माघ महिना

चिरंजीव बंधू येसाजी यास थोरली बहीण आनंदी हिचे पोटभर आशीर्वाद. तिकडं आंबेनळी घाटाखाली थंडी कशी हाय? तुझा गुडघा काय म्हणतो? भावजय तुळसाचा खोकला बरा झाला का, की अजून माझ्याबद्दल बोलायचं असलं की तेवढ्यापुरताच थांबतो? मी जिवंत हाय. यापलीकडं कळवण्यासारखं चांगलं काही नाय. (दुसरीपर्यंतच्या शाळेवर लिहिते हाय, जोडाक्षर तुटलं तर तू जोड. गुरुजींकडून लिहून घेतलं असतं, पण मग तुझ्याआधी सगळ्या गावाचं वाचून झालं असतं.)

तर माझा नातू महिपत विमान घेतो हाय. खेळण्यातलं नाय रे, खरं. जुनं. मुंबईला विमानं धुता-पुसता तो ती चालवायला शिकला, सरकारनं तसा कागदही दिला (सरकारला नातू नसावा), आणि आता स्वतःचं विमान घेऊन लोकांच्या पोरांना उडायला शिकवणार म्हणतो. त्यासाठी काय विकायचं, तर आपल्या आबांनी मला चोळीबांगडीला दिलेलं, तुझ्या शेताला लागून असलेलं ते भाताचं खाचर. गिऱ्हाईक कोण, तर रावजी. दरसाल तुझा बांध कोरतो, तोच. आता त्याला लपूनछपून यायला नको, मालक म्हणून येऊन कोरील.

मी नाय म्हणणार हे महिपतला माहीत, म्हणून त्यानं ते विचारलंच नाय. म्हणाला, ‘आजी, दोन विमानं हायत, कुठलं घ्यायचं तेवढं सांग. बैल पारखावा तर तूच.’ त्याच्या लग्नाच्या वेळी मी हेच केलं होतं. पोलादपूरची पोरगी की बिरवाडीची, एवढंच विचारलं. लग्न करतोस का हे विचारलंच नाय. माझीच विद्या माझ्यावर.

गेले मग यष्टीनं मुंबईला. वाटेत पोटात होतं ते सगळं कोकणाला परत केलं. पहिलं विमान पत्र्याचं, वर काचेचं झाकण, लोणच्याच्या बरणीसारखं. दुसरं दोन मजली. वर पंख, खाली पंख, मध्ये काठ्या आणि तारा, आणि अंगावर कापड! येसाजी, कापड! लाकडाच्या सांगाड्यावर ताणून वर रोगण फासलेलं. आपल्याकडं असल्या सांगाड्यावरून माणसाला एकदाच नेतात, आणि तेही खांद्यावरून. महिपतचा जीव नेमका याच्यावर. शिकाऊ पोराची चूक ते पोटात घालतं, म्हणे. दोन्ही मालकांना मी विचारलं, की बाबा, का विकतोस? पत्र्याचा म्हणाला, विलायतेला चाललो. कापडाचा म्हणाला, बायको नको म्हणते. मला त्या बाईला भेटायचं होतं, पण ती आली नव्हती.

मी मनात ठरवलं होतं, दोन्हींत इतक्या खोडी काढायच्या की पोर आपणहून कंटाळला पाहिजे. कापडाच्या अंगावर नवा रंग दिसला. बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं रंगवतात ते काय मला ठाऊक नाय? रंगाखाली काय हाय ते बघायला नख लावलं, तर बोट आत गेलं. आख्खं. पंखाला भोक! मालकाचं तोंड तर बघवेना. आता जित्या जनावराला आपल्या हातून लागलं की आपण काय करतो? मी तेच केलं. कनवटीला भैरीदेवाचा अंगारा होता (महिपतच्या कपाळाला लावायला नेलेला), तो चिमूटभर त्या भोकावर दाबला.

झालं! महिपत ओरडला, ‘आजीनं अंगारा लावला! सौदा पक्का!’ तुला वेगळं सांगायला नको, आपल्यात घरच्या वडील माणसानं बैलाला अंगारा लावला की बैल त्या घरचा, मग तो लंगडा निघो की आंधळा. मी म्हटलं, ‘मेल्या, मी जखमेला लावला.’ तर म्हणतो, ‘कपाळ कुठलं नि जखम कुठली, विमानाला काय कळतंय? देवाला कळलं ना!’ देवाला मध्ये घातल्यावर मी काय बोलणार? मालकानं तर लगेच पेढे आणवले, आणि मी ते खाल्ले.

तेव्हापासून अन्न गोड लागत नाय. खाचर जाणार. ज्याच्यापायी जाणार ते माझ्या म्हातारीच्या बोटानं फाटतं. आणि त्यात हा पोर बसणार. आभाळात बांध नाय, झाड नाय. घसरला तर धरील कशाला?

घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद. जमेल तेव्हा येऊन जा.

तुझी थोरली बहीण,
आनंदी

ता. क. जमेल तेव्हा नको, लगेच ये. खाचराचा कागद महाडच्या कचेरीत सोमवारी होणार हाय. तू तिथं येऊन बोंब मार, की बहिणीला दिलेल्या शेतात माझाही हिस्सा हाय. तसा तो नाय, ठाऊक हाय मला, तरी मार. मी चार लोकांत तुला वाट्टेल ते बोलेन, छाती बडवून घेईन, तुझं तळपट होवो म्हणेन. मनावर घेऊ नकोस. देवासमोरचा शब्द मला मोडता येत नाय, पण भाऊ वैरी निघाला तर माझा काय दोष?

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात महिपत आला. जेवला, आपलं ताट आपण धुतलं, आणि म्हणाला, ‘आजी, अंगारा कशाला लावलास ते मला तिथंच कळलं होतं. तुझ्या मनात नसेल तर नको. मी सांगतो मालकाला.’ असं बोलायला नको होतं मेल्यानं. भांडला असता तर मी जिंकले असते.

तू ये. गळा साफ करून ये, आणि भांडण अख्ख्या महाडाला ऐकू जाईल असं कर. फक्त मंगळवारी ये.