धौरीचं दूध का सोडलं

रामघाट, काशी
आश्विन शुद्ध पंचमी, सन १९९६

तीर्थस्वरूप शरदिनीअक्कास,

धाकट्या विष्णूचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. ते कसे आहेत, जिना चढू देतात का, हे जरा सविस्तर कळव. सागर गावची हवा मानवते ना? इकडे कालिंदीची प्रकृती ठीक आहे, ऋता रोज विद्यापीठात जाते, गंगा उतरली आणि पायऱ्यांवरचा गाळही काढून झाला. मीसुद्धा ठणठणीत आहे. (हे वाक्य कालिंदीने वाचून "ठणठणीत" या शब्दाला हरकत घेतली, पण मी तो ठेवला आहे.)

तुझं रागाचं पत्र पोचलं. दूध, दही, लोणी, ताक, तूप सगळं टाकलंस, तुझं डोकं फिरलं का, असं तू विचारतेस. कोजागिरीनंतर तू कायमची काशीवासाला येणार, तेव्हा कसल्या घरात यायचं आहे हे तुला आधी कळायलाच हवं. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

श्रावणात आपल्या मोहन यादवाच्या दुधाला निळसर झाक येऊ लागली. पाणी घालताना त्याला रंगेहाथ पकडायचं, अशा विचाराने मी एका सकाळी, संध्या आटोपून, सरळ त्याच्या गोठ्यात जाऊन उभा राहिलो. पाणी कुठे दिसलं नाही. धौरीच्या (ही त्याची पांढरी गाय, हिचंच दूध आपल्याकडे येतं) पुढ्यात तिचं वासरू उभं होतं आणि ती त्याला चाटत होती. मायेने, मानेपासून शेपटीपर्यंत, पुन्हा मानेपासून. मी कौतुकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर आत भुसा करकरला. वासरू पावसात गेलं होतं, अक्का. मोहनने कातडं सोलून त्यात भुसा भरला होता आणि चार काठ्यांवर ते उभं केलं होतं. एक डोळा शिवलेला, दुसऱ्या जागी भोक. "का करीं पंडितजी," तो म्हणाला, "बच्चा ना देखी त दूध ना उतारी." (वासरू दिसलं नाही तर ती पान्हा सोडत नाही.) त्याच्या आवाजात लाज नव्हती आणि क्रूरपणाही नव्हता. तो बापाच्या वेळेपासून चालत आलेलं करत होता, जसा मी करतो. माझ्या हातात मात्र भांडं होतं. मी ते रिकामंच घरी आणलं.

घरी न थांबता घाटावर उतरलो, ओंजळीत पाणी घेतलं आणि गव्य वर्ज्य केल्याचा संकल्प सोडला. आता माझी चूक ऐक. काशीला आलं की आवडीची वस्तू सोडायची, ही आपली रीत. आजवर किती यात्रेकरूंकडून मी ती करून घेतली! (लोक कारलं सोडतात. एका सोलापूरकराने जन्मात न पाहिलेलं सफरचंद सोडलं.) प्रत्येकाला मी बजावतो, "मुदत बोला, एक वर्ष, पाच वर्षं, काय ते बोला, नुसतं सोडाल तर जन्माचं सुटेल." आणि त्या दिवशी माझ्या स्वतःच्या तोंडून मुदत आली नाही. पाणी गंगेत पडलं ते पडलं. कालिंदीने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. चहाचं आधण ठेवलेलं होतं, त्यात तिने माझ्यापुरतं दूध घातलं नाही.

फायदे सांगतो. पोट हलकं असतं, छातीतली जळजळ गेली, घाट चढताना मधल्या देवळीपाशी (देवदर्शनाच्या निमित्ताने) टेकावं लागत नाही. तीळ, शेंगदाणे, ओलं खोबरं यांच्याशी नव्याने ओळख झाली. तिळाच्या कुटाची आमटी कालिंदी अशी करते की पहिला घास घेताना तुझी आठवण येते. तोटे मात्र सांगू नयेत असे आहेत. काळा चहा हा चहा नव्हे. दही नसलेला भात घशाखाली उतरतो, पण जेवण संपलं असं वाटत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेऊन मी उभा राहतो आणि यजमान माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहतात. होमात तूप घालतो, कारण संकल्प माझा आहे, अग्नीचा नव्हे. पण तो वास येतो तेव्हा मंत्राचा वेग आपोआप वाढतो. थंडीत दुधाच्या गोड फेसाचे, मलइयोचे, हंडे गल्लीत आले की काय होणार, याचा विचार मी सध्या करत नाही.

आणि पितृपक्ष! ब्राह्मणाने खीर पानात ठेवली की पितर उपाशी राहिले, अशी आपल्या यजमानांची समजूत. पहिल्याच घरी मी खिरीला हात लावला नाही, तर म्हातारे गृहस्थ पानासमोर रडू लागले. त्यांची आई जन्मभर खिरीची हौशी होती म्हणे. मला फार वाईट वाटलं, अक्का, खोटं नाही सांगत. मी हात जोडले आणि उठलो. त्यानंतर पक्ष संपेपर्यंत एकही आमंत्रण आलं नाही. भरल्या पितृपक्षात रामघाटावर घरी जेवणारा मी एकटाच.

ऋता म्हणाली, "बाबा, ऐसे लोगों को व्हीगन कहते हैं, बाहेर देशात खूप आहेत." आपण एकटे नाही म्हणून मला जरा धीर आला, थोडा विरसही झाला. मग तिने सांगितलं की ते लोक मध खात नाहीत आणि रेशीमही नेसत नाहीत, किडे मरतात म्हणून. मी तेव्हा नेमका वडिलांच्या रेशमी सोवळ्यात होतो. त्या विषयावर अजून विचार चालू आहे.

पण खरी पंचाईत वेगळीच झाली. माझं ऐकून आळीतल्या आणखी काही घरांनी धौरीचं दूध बंद केलं. मला वाटलं, पुण्य झालं. मोहन म्हणाला, आता हिला भुसा कोण घालणार? रामनगरचा एक व्यापारी बघून गेला आहे. व्यापारी तिला पुढे कुठे नेणार हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे माझ्या दयेने धौरीचं वासरू परत आलं नाही, उलट तिच्याच गळ्याला फास लागत होता. ते दोन दिवस मला अन्न गेलं नाही, तीळसुद्धा.

शेवटी मी मोहनला म्हटलं, मला गोदान दे. अक्का, मी जन्मभर गाई दान घेतल्या त्या सगळ्या नाण्याच्या रूपात. त्या गवत मागत नाहीत आणि शेणही टाकत नाहीत. ही पहिलीच चार पायांची. मोहनने आनंदाने पाणी सोडलं. (पुण्यही मिळालं आणि भुशाचा खर्चही वाचला.) भुशाचं वासरू मात्र मी मागून घेतलं आणि मणिकर्णिकेच्या पुढे, होडीतून, गंगेत सोडलं. जे मंत्र येत होते ते म्हटले. धौरी सुखरूप आहे. तिची सोय झाली आहे.

कालिंदीचा आणि ऋताचा नमस्कार. प्रवासात थंडीचं पांघरूण जवळ ठेव.

तुझा,
विष्णु

ता. क. सागरचे तीळ चांगले असतात. येताना आण.

आणखी ता. क. वडिलांनी काशीवासासाठी तुझ्या नावे ठेवलेली खालची पूर्वेची खोली, जिला तू मागच्या खेपेला स्वतः चुना दिलास, ती सध्या रिकामी नाही. गाय जिना चढत नाही, अक्का. तू चढशील का? गुडघ्यांची चौकशी मी सुरुवातीलाच केली, ती याचसाठी. वरची खोली हवेशीर आहे, गंगाही तिथून जास्त दिसते. तू नाही म्हणालीस तर खोली तुझीच आहे, मी वाद घालणार नाही. पण मग धौरीला परत मोहनकडे न्यावं लागेल, आणि रामनगरचा माणूस अजून येऊन-जाऊन असतो.

शेवटचं ता. क. सकाळी मी तिला चारा घालायला वाकतो, तेव्हा ती मला चाटू लागते, मानेपासून पाठीपर्यंत, पुन्हा मानेपासून. जीभ फार खरखरीत असते. मी हलत नाही. ते वासरूही हलत नसे.