परात हाय, माणसं पायजेत

आई,

तुझ्या माहेरची पितळी परात परवा कॉम्प्युटरच्या कॉन्फरन्सला जाऊन आली. हसू नकोस, खरं सांगते. दादानं ती आपल्या गावाहून, गडमुडशिंगीहून, पाठीला चादरीनं बांधून मोटरसायकलवर आणली. गेटवरच्या वॉचमननं त्याला अडवलं, "पावणं, केटरिंगवाल्यांनी मागच्या दारानं जायचं." दादा कसला ऐकतोय! म्हणाला, "केटरिंग न्हाय, प्रोफेसर बाईंची परात हाय ही. सरक बाजूला." आणि तसाच, परात पाठीवर घेऊन, हॉलमध्ये आला.

तू गेलीस तेव्हा मी नुकतीच कॉलेजात शिकवायला लागले होते. तू बायकांना सांगायचीस, "माझी पोरगी कॉम्प्युटर शिकवती." पोरांना कॉम्प्युटर शिकवते की कॉम्प्युटरलाच शिकवते, हे तू कधी उलगडून सांगितलं नाहीस. आता मी खरंच कॉम्प्युटरलाच शिकवते. माणूस बोलला की ते ऐकून यंत्रानं लिहून काढायचं, असलं माझं काम. पुस्तकी मराठी ते झकास लिहितं. आपलं बोलणं आलं की त्याची फे फे उडते. "पाणी हाय" म्हटलं की त्याला वाटतं, पाण्याला इंग्रजीत कुणी हाक मारतंय. "डॉक्टर न्हाय आला" म्हटलं की ते लिहितं, "डॉक्टर न्हायला आला". आपल्याकडच्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात, तर त्यानं निम्म्या तालुक्यातल्या बायकांना बाप्ये करून टाकलंय. ऐकायला गंमत वाटते, पण उद्या दवाखान्यात, बँकेत, कचेरीत असल्या यंत्राशीच बोलायची पाळी आली, तर तुझ्यासारखीनं करायचं काय?

म्हणून मी ठरवलं, यावर वर्कशॉप घ्यायचं. तुला समजेल असं सांगते. कॉन्फरन्स म्हणजे गावची यात्रा धर आणि वर्कशॉप म्हणजे त्या यात्रेत एका घरानं घातलेलं जेवण. मांडव गावाचा, चूल आपली. त्यासाठी आधी प्रपोजल लिहावं लागतं: विषय काय, येणार कोण, बोलणार कोण, दिवसभर करणार काय. पहिल्या वर्षी मी जीव ओतून लिहिलं. उत्तर आलं, "बोलीभाषा हा स्वतंत्र प्रश्न नसून डेटाच्या सफाईचा भाग आहे." सफाई! तुझ्या बोलण्याला त्या शहाण्यानं केर म्हटलं, आई. मी इतकी भडकले की स्टाफरूममध्ये कपाटाचं दार आपटलं. त्या दाराची बिजागरी अजून ढिली आहे.

पुढच्या वर्षी कॉन्फरन्स आपल्या कोल्हापुरातच भरणार होती. मी पुन्हा प्रपोजल टाकलं. या खेपेला मंजूर झालं, पण एका अटीवर. ठरल्या तारखेपर्यंत पुरेसे पेपर आले नाहीत, तर वर्कशॉप रद्द आणि हॉल दुसऱ्यांना. म्हणजे आपल्याच गावच्या यात्रेत आपलीच चूल विझवून घरी यायचं. वर "बघा, या विषयाला माणूसच नाही" हा शिक्का कायमचा बसणार, आणि पुन्हा हा विषय काढायची कुणाची छाती होणार नाही. मी आणि माझा एक सहकारी, असे आम्ही दोघंच यजमान. तो सीमेकडचा, घरात कन्नड आणि दुकानात मराठी बोलत वाढलेला, त्यामुळं मला अक्काच म्हणतो. आम्ही देशभरच्या संशोधकांच्या मेलिंग लिस्टवर सुबक निमंत्रण टाकलं. विषय लिहिले, तारखा लिहिल्या, "सर्वांनी सहभागी व्हावे" असंही लिहिलं. दिवसामागून दिवस गेले. तो रोज सकाळी बघायचा आणि सांगायचा, "अक्का, रिकामंच हाय की." कॉन्फरन्सचे अध्यक्ष भले माणूस, पण त्यांचाही फोन आला. म्हणाले, "मॅडम, हॉल मागणारे रांगेत आहेत. काय करू सांगा."

तो फोन ठेवला आणि मला तू आठवलीस. आपल्या घरी म्हाई आहे, देवाच्या नावानं गल्लीला मटणाचं जेवण. मटण यायचंय, चुली पेटायच्यात, आणि तू मला गल्लीत आवतण द्यायला पाठवलंयस. मी शाळेत जाणारी, अक्षर चांगलं म्हणून मिजास. मी काय करते, तर दूध डेअरीच्या फळ्यावर खडूनं लिहून येते, "आमच्या घरी म्हाई आहे, सर्वांनी यावे." आणि खुशाल गजगे खेळत बसते. तुला कळतं. तू पिठाच्या हातानं माझा कान धरतेस. "भिताडाला आवतण दिऊन आलीस व्हय गं? भिताड येतंय का जेवायला? सर्वांनी म्हंजे कुणी?"

मग तू स्वतः निघतेस, मला ओढत. आणि घरोघरी जेवायला या असं म्हणतच नाहीस. पलीकडच्या काकूंना म्हणतेस, "येताना तुमची परात घिऊन या, आमची पुरायची न्हाय." कोपऱ्यावरच्या मावशीला, "तुमच्या हातचा पांढरा रस्सा उतू जात न्हाय, तुम्ही चुलीपाशी पायजेच." ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याला, "भावजी, तुमची ती लांब दांड्याची पळी लागंल बघा." सगळे येतात. बांधाचं भांडण असलेला भावजी तर पळी खांद्याला लावून सगळ्यांच्या आधी येतो. सोप्यात परातींची चळत लागलेली बघून बाबा म्हणतात, "अगं, आपल्या घरात परात न्हाय का काय?" तू चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणतेस, "परात हाय. माणसं पायजेत."

आई, इतकी वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात नुसतं पडून होतं. त्या दुपारी ते कामाला आलं. मी सहकाऱ्याला म्हटलं, "आपण फळ्यावर लिहून आलोय. चल, घरोघरी जाऊ." आम्ही एकेकाला वेगळं पत्र लिहायला बसलो. पेपर पाठवा असं कुणालाच म्हटलं नाही. लिहिलं, "तुमच्या भागातलं एक वाक्य हवंय, जे तुमच्या यंत्रानं चुकीचं लिहिलं. ते कसं चुकलं ते दोन पानांत मांडा, आणि येताना ते वाक्य चिठ्ठीवर घेऊन या. आमच्याकडच्या चुका पुरायच्या नाहीत." सहकारी डोक्याला हात लावून म्हणाला, "अक्का, आपल्याकडं चुका काय कमी हाईत व्हय? कपाट भरून रेकॉर्डिंग पडलंय!" मी म्हटलं, "चुका हाईत रे. माणसं पायजेत."

आणि आली की गं माणसं! वऱ्हाडातून पेपर आला, कोकणातून आला, गोव्याकडनं आला. तेलंगणातल्या एका बाईंनी कळवलं, आमच्या यंत्रानं माझ्या सासूबाईंना काय काय म्हणायला लावलंय ते ऐकाच. तारीख यायच्या आत अट पुरी होऊन वर पेपर उरले. अध्यक्षांना मी स्वतः फोन लावला आणि म्हटलं, "हॉल आमचाच. जमलं तर मोठा द्या." मग दादाला फोन केला. त्याला कॉन्फरन्सला ये म्हटलं असतं, तर तो म्हशीचं निमित्त काढून टळला असता. म्हटलं, "दादा, येताना आईची परात घेऊन ये, अडलंय माझं."

दारातल्या टेबलावर परात ठेवली. जो येईल तो आपल्या चुकीची चिठ्ठी परातीत टाकायचा आणि मग खुर्ची धरायचा. थोड्या वेळानं खुर्च्या संपल्या. लोक भिंतीला टेकून उभे, दारात उभे, आणि अध्यक्ष स्वतः शेजारच्या खोलीतून खुर्च्या उचलून आणतायत! मला तेव्हा ओरडावंसं वाटलं, बघ गं, बघ, किती माणूस आलंय! पण प्रोफेसर बाई ना मी, नुसती माईकची वायर सोडवत बसले.

सुरुवात आपल्या चिठ्ठीनं केली. स्पीकरवर एका बाईचा आवाज लावला, ठसक्यातला, चुलीपाशी बसून बोलल्यासारखा: "परात हाय. माणसं पायजेत." पडद्यावर यंत्रानं लिहिलं, "परत हाय!" म्हणजे भेटलेल्या माणसाला पुन्हा एकदा हाय. सगळा हॉल खो खो हसला. मग मी त्यांना ते वाक्य कुठलं, कशासाठी म्हटलेलं, ते सांगितलं. दिवसभर एकेक चिठ्ठी उघडत गेलो. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ठरवलं, परातीतल्या सगळ्या वाक्यांचा एक संग्रह करायचा, आणि इथून पुढं आपल्यातला जो कुणी बोलणं ऐकणारं यंत्र करील, त्यानं ते आधी या संग्रहावर तपासून दाखवायचं. संग्रहाला नाव काय द्यायचं, यावर मात्र वाद झालाच नाही. नाव ठेवलंय 'परात'. आता हैदराबादेत, पुण्यात, कुठं कुठं शिकलीसवरलेली माणसं एकमेकांना विचारणार, "तुझं यंत्र परातीवर पास झालं का?" जाताना अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या वर्षीचं प्रपोजल लवकर पाठवा, आणि याला सफाई कोण म्हणालं होतं, ते मला कळू देऊ नका." मी इतकी मोठ्यानं हसले की सहकारी दचकला.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते तूच सांग. लिहिलंय, ते माझ्यापाशीच राहील. एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. सगळे गेल्यावर दादा परात पुन्हा चादरीत बांधत होता. वर न बघताच त्यानं विचारलं, "आईचा आवाज कुठं घावला गं तुला?" मी परातीतल्या चिठ्ठ्या पाकिटात भरत राहिले. आपल्याकडं तुझं रेकॉर्डिंग कधी कुणी केलंच नव्हतं, त्याच्या लक्षात कसं आलं नाही? ते वाक्य मीच म्हटलं होतं, तुला आठवून आठवून, आदल्या दिवशी कॉलेजातल्या रिकाम्या खोलीत. "मला मोबाईलवर पाठव की," तो म्हणाला आणि चादरीची गाठ दोनदा मारली. मी पाठवला. वहिनी सांगते, सकाळी धारेला बसला की लावतो. तो आवाज माझा हाय, हे मी त्याला अजून सांगितलं न्हाय.