वहिनीच्या पिशवीतली पोच

मंगळवार, दिवेलागण

आज वहिनीबरोबर कळंबला वकिलाकडं गेलो. ऑपरेशनमध्ये हयगय झाली म्हणून दादा गेला, असं तिचं म्हणणं. वकील म्हणाले, "दाव्याआधी दवाखान्याची सगळी कागदं लागतील. मग दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत. मूळ फाईल कुठंय?"

राख सावडून आल्यावर घरामागं दादाचं अंथरूण जाळलं, त्यात ती फाईल मीच टाकली होती. गेलेल्याचं दुखणं घरात कशाला ठेवायचं, म्हणून.

वहिनी म्हणाली, "जळाली ती माझ्याकडून, साहेब. पण नकला मागितल्यात." अन् पिशवीतून अर्जाची पोच काढली. ही कधी गेली दवाखान्यात? एकटीच, एसटीनं! पोचेवर शिक्का मारंनात, तर मारेपर्यंत बाकड्यावरून उठली न्हाय म्हणे. मला सुचलं असतं का हे?

वकिलांनी शिक्का दोनदा बघितला. "मागितल्यापासून तीन दिवसांत द्यावंच लागतं त्यांना. लई चांगलं केलंत, ताई."

मी तिथं गप्प का बसलो? स्टँडवर शेवटी तोंड उघडलं, "वहिनी, फाईल तर..."

"ठावं हाय, भाऊजी," ती म्हणाली. "म्या खिडकीतून बघितलं. रडत होता तुमी."