मानवयुग आणि पार्थेनाबाईंचा अर्ज

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. सकाळी ९
आजपासून पुस्तक. सहा वर्षं तयारीत गेली, पण ती पायाभूत तयारी होती. मुद्दा साधा आहे. माणसानं पृथ्वी इतकी उकरली, तापवली, की तो स्वतःच एक भूगर्भीय शक्ती झाला. म्हणजे आपण नव्या युगात आहोत, मानवयुगात. आणि हे युग एकट्या भूगर्भवाल्यांना पेलणार नाही. त्यांना समाजशास्त्रज्ञ लागणार. उत्तर ग्रीसमध्ये तो मी. दुसरा कुणी असेल तर अजून बोललेला नाही.
संकल्प : रोज तीन पानं. ७ मार्चला थेस्सालोनिकीच्या परिषदेत माझं मुख्य भाषण. पत्रिकेत माझं नाव ‘स्टाथिस, पंधरा मिनिटं’ असं आणि बरोबर आणखी तिघांची नावं आहेत. छपाईची अडचण असावी.

सकाळी ११.४०
टेबल आवरलं.

१४ फेब्रुवारी, बुधवार
टेबलाशी बसून मानवयुग दिसत नाही. म्हणून फील्डवर्क. करिदोखोरी गावी गेलो. कोळशाची खाण परसापर्यंत आलीय, निम्मी घरं रिकामी, नवं गाव टेकडीपलीकडे. आता स्मशानही हलवणार आहेत.
मुलाखत : पार्थेनाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, विधवा. विचारलं, माणूस भूगर्भीय शक्ती झालाय हे तुम्हाला कसं जाणवतं? म्हणाल्या, "कुठला माणूस?" म्हटलं, अख्खी मानवजात. तर म्हणे, "मास्तर, आमच्या लाझारोसनं एकतीस वर्षं खोदायचं मशीन चालवलं. कुठं खोदायचं हे त्याला कुणी कधी विचारलं नाही. मी इथं घेवडा लावत होते. ज्यानं सही केली तो अथेन्सला. आम्ही तिघं मिळून एकच माणूस होय?"
बाई विषय सोडून बोलतात. तरी टिपून घेतलं.
पुढची मुलाखत एका अटीवर. अकरा वर्षांपूर्वी पुरलेल्या नवऱ्याची, लाझारोसची, हाडं नव्या स्मशानात न्यायला अर्ज लागतो. मुदत २९ तारीख. मुलगी जर्मनीत. बाईंना डोळ्यांनी दिसत नाही नीट. "तुम्ही शिकलेले, लिहून द्या." म्हटलं, तासाभराचं काम. येताना कांद्याची पात भरून भाजलेला रोट दिला. गाडीतच संपवला.

२० फेब्रुवारी, मंगळवार
पानं : शून्य. कारण अर्ज. नुसता अर्ज लिहिणं म्हणजे संधी वाया घालवणं. विस्थापित मृतांवर प्रस्तावना घेतली. नऊ पानं झाली, पार्थेनाबाईंचं नाव यायचंय अजून.
माझ्याच खोलीत बसणारा मिल्तोस भूगर्भशास्त्रज्ञ आहे. वाचून म्हणाला, "अरे, नाव, गाव, मयताचं नाव, सही. संपलं." दगडांत आयुष्य गेलेल्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा.

२८ फेब्रुवारी, बुधवार
बाईंचा फोन. "मास्तर, कुठवर आलं?" म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. म्हणाल्या, "हात नका फिरवू, द्या नेऊन."
उद्या सकाळी आठला नगरपालिकेच्या ऑफिसात. नक्की.

२९ फेब्रुवारी, गुरुवार
आठला एक तळटीप खटकली. दहाला प्रिंटर अडला. ऑफिस दोनला बंद होतं, मी दोन वाजून दहा मिनिटांनी पोचलो. आतल्या बाईनं काचेतून घड्याळ दाखवलं. लीप वर्षानं एक दिवस जास्तीचा दिला होता, तरी ही वेळ. सरकारी काळाची संकल्पनाच सदोष आहे. प्रकरण पाचमध्ये घेणार.

१ मार्च, शुक्रवार
बाईंना कळवलेलं नाही. कळवलं तर त्यांच्या उत्तरांवर परिणाम होईल. संशोधनाची शिस्त म्हणून गप्प.

६ मार्च, बुधवार
मिल्तोसनं बातमी दाखवली. भूगर्भवाल्यांच्या समितीनं मतदान करून मानवयुग नाकारलं. "तुझं युग पडलं रे," म्हणाला. कॉफी मात्र त्यानंच पाजली.
बातमी दोनदा वाचली. मग लक्षात आलं, ही तर आनंदाची बातमी. त्यांनी सोडलं म्हणजे आता ते पूर्ण आपलं. पुस्तकाचं नाव बदलतो.

७ मार्च, गुरुवार. थेस्सालोनिकी
अध्यक्षांनी सात मिनिटं दिली, जेवणाच्या आधीची. तरी जिंकलं. "कुठला माणूस?" हा प्रश्न मांडला आणि मशीन, घेवडा, सही अशी तीन माणसं वेगळी करून दाखवली. लोक लिहून घेत होते. माझी मांडणी म्हणूनच घेत होते, आणि मी अडवलं नाही.
मागून एका मुलीनं विचारलं, "त्या बाईंच्या अर्जाचं काय झालं?" ओघात उल्लेख झाला होता. म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. ती खाली बसली. जेवण गेलं नाही.

८ मार्च, शुक्रवार
करिदोखोरी. सांगायचं ठरवून गेलो. दारातच म्हणाल्या, "माहितेय. शेजारणीला फोन आला होता ऑफिसचा." सोमवारी कंत्राटदार येणार. ज्यांचे अर्ज नाहीत त्यांची हाडं एकाच खड्ड्यात. त्याआधी स्वतः नेली तर पाद्र्याची संमती पुरते.
मी चौदा पानांचा अर्ज पुढे केला. त्यांनी हातात तोलून पाहिला. "एवढं काय लिहिलंत हो त्याच्याबद्दल? भेटला तरी होता का तुम्हाला?" मग म्हणाल्या, "गाडी आहे ना?"

९ मार्च, शनिवार. मृतांचा शनिवार, म्हणजे चर्चमध्ये मृतांच्या स्मरणाचा दिवस
खाणीतल्या दोन निवृत्त गड्यांनी थडगं उकरलं. माझ्या हातातलं फावडं त्यांनी काढून घेतलं, रागानं नाही. बाईंनी रिवाजाप्रमाणे हाडं वाइननं धुतली, एकेक, भांडी धुवावीत तशी. मधूनच एक हाड दाखवून म्हणाल्या, "हा पाय मशीनवरून पडून मोडला होता." जोड दिसत होता.
पेटी मागच्या सीटवर. शेजारी बाई, एक हात पेटीवर. खाणीला वळसा घालून अकरा किलोमीटर खड्ड्यांचा रस्ता. म्हणाल्या, "सावकाश, मास्तर. त्याला गाडी लागायची."
पूर्ण रस्ता दुसरा गिअर. मागे चार ट्रक हॉर्न वाजवत होते. वाजवू दिले.
नव्या स्मशानात झाडं नाहीत अजून. पाद्र्यानं माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण? मी प्राध्यापकी ओळख करून द्यायला तोंड उघडलं, तोवर बाई म्हणाल्या, "गाडीवाले आहेत."
मी दुरुस्त केलं नाही. गाडी मी बरी चालवली होती.