साडूविरुद्ध साक्ष

५ फेब्रुवारी
साडूला आता सोडायचं नाही. त्याच्या पर्यावरण समितीने कोर्टात दावा लावलाय. कोळशाची खाण नको, ओढा मरेल म्हणे. ओढ्याचं निमित्त! खाण झाली की कंपनी मला पहारेकऱ्याचा सुपरवायझर करणार, हे त्याच्या पोटात दुखतंय. सासऱ्यांकडे जेवताना सगळ्यांदेखत म्हणाला, साडूभाऊ, कंपनीने पट्टा घातलाय, बिस्कीट पण देते का? सासूबाईसुद्धा हसल्या.
देवा, मला क्षमा करायला शिकव. पण निकालानंतर.

११ फेब्रुवारी
कंपनीच्या वकिलांनी मला साक्षीदार केलं. एवढंच सांगायचं, की ओढा फक्त पावसाळ्यात वाहतो, एरवी कोरडा. खोटी साक्ष माझ्याने होणार नाही, असं बजावलं. मग शांतपणे विचार केला. समुद्राच्या मानाने ओढा कोरडाच. देवालाही पटेल.
बायको म्हणाली, जाऊ नका, तुमच्या जिभेला हाड नाही. बहिणीचीच बाजू घेणार ती!

२ मार्च, सकाळी
आज साडूचं नाक कापणार. शर्टाला कडक इस्त्री.

२ मार्च, संध्याकाळी
कापलं! ओढा कोरडा, हे ठासून सांगितलं. मग समितीच्या वकीलबाईंनी गोड आवाजात विचारलं, तुम्ही म्हणे मोठे देवभक्त. पण साडू सांगतात, अंघोळ घरी गरम पाण्यानेच? साडू मागे बसून मिशीत हसत होता. माझी इतक्या वर्षांची तपश्चर्या! कडाडलो. रोज पहाटे ओढ्यातच उतरतो, बारा महिने. भर मेमध्ये डोहात गळ्यापर्यंत पाणी असतं. एक दिवस चुकलेला दाखवा, मिशी उतरवतो!
न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, मेमध्ये? म्हटलं, मेमध्येच खरी मजा. त्यांनी स्वतः लिहून घेतलं. एवढा मान कुणाला मिळतो? कंपनीचे वकील डोकं धरून बसले होते. ऊन लागलं असावं.

९ मार्च
कंपनीचे साहेब माझ्याशी बोलत नाहीत. नेमणुकीच्या गडबडीत असतील.

२० एप्रिल
निकाल लागला. ओढा बारमाही, खाणीला मनाई. आधार: कंपनीच्याच साक्षीदाराचा जबाब. कंपनी गाशा गुंडाळतेय. माझी नोकरीही गेली.
बायको म्हणाली, बहिणीचा फोन होता, समितीला ओढ्यावर राखणदार हवाय. साडूच्या हाताखाली? उपाशी मरेन, म्हटलं.

२२ एप्रिल
रुजू झालो. शत्रू जवळूनच बुडवायचा असतो.
पहाटे डोहावर गेलो, तर साडू आधीच पाण्यात. साडूभाऊ, म्हणाला, टॉवेल धरा जरा.
धरला.