शिवलेला खिसा

राजूर, मंगळवार

सकाळी यांनी पांढरा सदरा पुढे केला. "तंबाखूचा खिसा शिवून टाक."

मी चिडलेच. "खिसा खातो का तंबाखू? मनावर घ्या जरा!"

"मनावर घेतलंय गं. पण हात ऐकत न्हाई, आपोआप खिशात जातो."

घरात काळाच दोरा होता, त्यानंच शिवला. पण दिवसभर डोक्यात तेच. हात यांचाच ना? मग?

संध्याकाळी ओट्यावर गप्पा मारताना यांचा हात खिशाकडे गेला, काळ्या टाक्यांना अडला, परत आला. यांना पत्ताही नव्हता. म्हणजे खरंच सांगत होते.

आत्ता जेवण झाल्यावर यांनी दुसरा सदरा आणून माझ्यापुढे ठेवला. सुईत दोरा ओवूनच.

हे काही आपोआप झालं नाही.