थंडीसाठी पाठवलेला रुमाल

गोडादरा, सुरत

प्रिय धनू,

फोनवर तू रडतेस आणि मला काही सुचत नाही, म्हणून लिहायला बसले. आम्ही बरे आहोत. पप्पांची कारखान्यातली पाळी आता दिवसाची आहे. मी आणि शेजारची कलाबाई अजून रुमालांना गोंडे बांधतो. हात चालतात, डोकं चालत नाही. परवा वरण करपलं तरी मला वास आला नाही, पप्पांनीच उठून गॅस बंद केला.

तो काळा-पांढरा रुमाल तुला पाठवला, तेव्हा मी एवढंच बघितलं, की कापड जाड आहे आणि तुझ्याकडे अमेरिकेत बर्फ पडतो. परदेशी जाणाऱ्या मालातला डागी नग, सेठने फुकट दिला. तसले रुमाल पॅलेस्टाइनच्या बाजूचे लोक घालतात, हे आम्हा बायकांना कोण सांगणार? आम्हाला सांगतात ते गोंडे किती लांब ठेवायचे तेवढंच.

मग तुझे फोन यायला लागले. कॉलेजात अनोळखी पोरींनी तुला मिठ्या मारल्या, कॉफीवाल्याने पैसे घेतले नाहीत. बसमधून उतरताना एक माणूस शिवी देऊन गेला. आणि तुझी घरमालकीण, रोज तुला सूप करून देणारी, तिने गळ्यातला रुमाल बघितला आणि दार लावून घेतलं. तिची भाची इस्रायलमध्ये हल्ल्यात मेली, हे तुला तेव्हा कळलं. मला त्या म्हातारीचं फार वाईट वाटलं गं. तू मोबाईलवर गाझातली लेकरं दाखवलीस, तेव्हा तर मी जेवले नव्हते. आता काहीच वाटेनासं झालंय. बधिर झालेय मी, खरं सांगते.

मी म्हटलं, काढून ठेव बाई, दुसरा पाठवते. तू म्हणालीस, "माय, आधी थंडीसाठी घालत होते. आता समजून घालते." घरमालकिणीसमोर तेवढा काढतेस, हेही तूच सांगितलंस. पुढे पॅलेस्टाइनसाठीच्या मोर्चातला, रुमाल घातलेला तुझा फोटो निघाला आणि कॉलेजने चौकशी लावली. नाव कमी केलं तर व्हिसाही जाईल म्हणालीस, आणि रडायला लागलीस.

तुझ्याबरोबर शिकणाऱ्या प्रियांकाने तुला न विचारता मला मेसेज केला. आईने कॉलेजला लिहून द्यावं, की रुमाल मी पाठवला आणि माझ्या मुलीला त्या भांडणाबद्दल काहीच मत नाही. मग कदाचित सोडतील. शेजारच्या मयुरीकडून मी इंग्रजीत लिहून घेतलं. रुमाल मी थंडीसाठी पाठवला, हे देवाशपथ खरं आहे, त्याखाली सही केली. पण मताची ओळ मयुरीला खोडायला लावली. एवढी शिकवलेली माझी पोर, तिला मत नाही असं माझ्याने लिहून देववेना. त्या ओळीशिवाय कागदाचा उपयोग नाही, असं प्रियांका म्हणते. तुला ती ओळ हवी असेल तर सांग, मी पुन्हा लिहून देईन आणि त्यावर कधी बोलणार नाही. नको असेल तर घरी ये. पप्पांना मी तसं सांगून ठेवलंय.

तू ठरवशील त्यात तुझीच,
माय